हौसेला मोल नाही, पण कुत्र्याला पोट आहे

— एक विद्यार्थिनी, बी. कॉम. भाग २

२०२५ सालच्या मार्च महिन्यात वर्तमानपत्रांतील एका बातमीने आमच्या वसतिगृहात दोन दिवस अभ्यास होऊ दिला नाही. बेंगळूरच्या एका श्वानशौकिनाने लांडगा आणि कॉकेशियन शेफर्ड यांच्या संकरातून जन्मलेला कुत्रा तब्बल ५० कोटी रुपयांना विकत घेतला, अशी ती बातमी होती. एकीने सांगितले, एवढ्या पैशात आपल्या महाविद्यालयाची नवी इमारत उभी राहील. दुसरी म्हणाली, इमारत उभी राहून दारात बांधायला चार कुत्रेही येतील. हास्यविनोद झाला आणि विषय मिटला. एप्रिल महिन्यात दुसरी बातमी आली. एवढी रक्कम देशाबाहेर गेली कशी, हे तपासण्यासाठी ईडीचे अधिकारी त्या गृहस्थांच्या घरी पोचले, तेव्हा दावा खोटा निघाला. असा व्यवहार झालाच नव्हता. पहिली बातमी साऱ्या वसतिगृहाने वाचली होती. दुसरी मी वाचून दाखवली, तेव्हा ऐकायला तिघी होत्या.

किंमत म्हणजे घेणारा आणि देणारा यांच्यात ठरलेला आकडा, असे आम्ही वाणिज्य शाखेच्या पहिल्याच वर्षी शिकलो. येथे देणारा नव्हता, माल नव्हता, पैसाही नव्हता. किंमत मात्र देशभर गाजली. मला वाटते, महागड्या जातीच्या कुत्र्यांच्या बाजाराचे सारे मर्म या एका प्रकरणात सापडते. या बाजारात भाव ठरतो तो बहुतेक वेळा कुत्र्याच्या गुणावर नव्हे, तर त्याच्याविषयी सांगितल्या जाणाऱ्या कहाणीवर. कहाणी नवी असेपर्यंत भाव चढता राहतो. ती शिळी झाली की भाव उतरतो, आणि मग जो तोटा होतो तो शेवटी कुत्र्याच्या नावावर मांडला जातो. या लेखात मला एवढेच म्हणायचे आहे.

या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी विचारील. मी पशुवैद्य नाही. वडिलांचे गाव जामसांवली; पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात असलेला आमचा सौसर तालुका २०२३ पासून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात गेला आहे. आईचे माहेर जमखंडीकडचे, म्हणजे मुधोळच्या शेजारचे. त्यामुळे घरात आईशी कन्नड, वडिलांशी मराठी आणि शाळा मराठी माध्यमाची, अशी माझी घडण झाली. जामसांवलीस निजलेल्या हनुमंताचे प्रसिद्ध देवस्थान आहे. मंगळवारी व शनिवारी तेथे दर्शनाची रीघ लागते, आणि भाविकांच्या हातच्या प्रसादावर पाच-पंचवीस गावठी कुत्री सुखाने जगतात. आजोळी मात्र कुत्रा म्हणजे ‘बेटे नायि’, शिकारी कुत्रा. उंच, सडपातळ, पोट आत ओढलेला. एकीकडे ज्याला कोणी किंमत विचारत नाही असा कुत्रा आणि दुसरीकडे ज्याचे नाव पार विलायतेपर्यंत गेले असा कुत्रा, या दोन्हींच्या संगतीत मी वाढले. एवढ्या शिदोरीवर हा लेख लिहीत आहे.

प्रथम फॅशनचा विचार करू. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटात टफी नावाचा पांढराशुभ्र कुत्रा झळकला, आणि मध्यमवर्गीय घराघरांत तसा पांढरा, केसाळ कुत्रा हवा, असे मुलांनी हट्ट धरले. २००३ साली हच कंपनीच्या जाहिरातीत एक पग जातीचा कुत्रा लहान मुलाच्या मागे मागे चालू लागला, आणि सुरकुतलेल्या चेहऱ्याच्या त्या चिमुकल्या कुत्र्याचा भाव वधारला. पुढे परदेशी मालिकांमधून लांडगे घरोघरी पोचले, आणि लांडग्यासारखा दिसणारा सायबेरियन हस्की हा तरुणांच्या स्वप्नातला कुत्रा झाला. या तिन्ही वेळी कुत्रा बदलला नव्हता. पडद्यावरचे चित्र बदलले होते. कंपनीचे नावही २००७ नंतर बदलले. पग मात्र बदलू शकत नव्हता. त्याचे चपटे नाक तसेच राहिले आणि त्या नाकातून श्वास घेण्याची त्याची धडपडही तशीच राहिली.

हे नाकाचे प्रकरण थोडे समजून घेण्यासारखे आहे. माणसासारखा कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. तोंड उघडून, जीभ बाहेर काढून तो धापा टाकतो आणि त्या वाटेने शरीरातील उष्णता बाहेर सोडतो. ज्या जातींचे तोंड माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून आखूड केले, त्यांची ही वाटच अरुंद झाली आहे. म्हणूनच नेदरलँड्ससारख्या देशाने फार आखूड नाकाच्या कुत्र्यांच्या पैदाशीवर निर्बंध घातले. आपल्याकडे तेच आखूड नाक ‘गोंडस’ म्हणून जास्त भावाने विकले जाते. हस्कीची गोष्ट याच्या उलट. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. ते सैबेरियातील बर्फासाठी. आमचा सौसर भाग नागपूरपासून साठ-सत्तर किलोमीटरवर आहे. मे महिन्यात तेथे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, दुपारी रस्त्यावर कावळा दिसत नाही. अशा उन्हाळ्यात एका ओळखीच्या घरी मी हस्की पाहिला आहे. दिवसभर तो न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर पडून असे. वीज गेली की घरची मंडळी कुलरची काळजी करीत आणि तो मोरीच्या तोंडाशी नाक लावून बसे. त्या घरात त्याच्यावर प्रेम नव्हते असे मी म्हणणार नाही. प्रेम पुष्कळ होते. परंतु प्रेमाने हवामान बदलत नाही.

आता बाजाराकडे वळू. अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी हॉलंडमधील ट्यूलिपच्या कंदांची कथा सांगितली होती. १६३७ च्या फेब्रुवारीत त्या कंदांचे भाव काही दिवसांत कोसळले. वर्गात सगळे हसले, कारण फुलाच्या कांद्यासाठी घर गहाण टाकणारा माणूस आपल्याला वेडा वाटतो. पण अगदी अलीकडे, आपल्या शेजारच्या चीनमध्ये, कुत्र्यांच्या बाबतीत हेच घडले. तिबेटी मास्टिफ हा हिमालयापलीकडील पठारावर मेंढरांची व घरादाराची राखण करणारा दांडगा कुत्रा. चीनमधील नव्या श्रीमंतांना तो प्रतिष्ठेचे लक्षण वाटू लागला. २०११ साली असा एक कुत्रा एक कोटी युआनला विकला गेल्याची बातमी जगभर छापून आली. २०१४ साली दुसऱ्या एकाची किंमत त्याच्याही वर, १ कोटी २० लाख युआन सांगितली गेली. ते पाहून गावोगावी लोकांनी मास्टिफ पैदा करण्याचा धंदा सुरू केला. पिल्ले इतकी झाली की घेणारे संपले. शहरांतील नियम आड आले, प्रतिष्ठेची हौस दुसऱ्या वस्तूकडे वळली, आणि २०१५ साली कत्तलखान्याकडे निघालेल्या गाडीतून प्राणिमित्रांनी जी कुत्री सोडवली, त्यांत हे ‘कोट्यधीश’ मास्टिफही होते. तिबेटच्या पठारावर कित्येक मास्टिफ मोकाट सोडून दिले गेले, आणि त्यांच्या टोळ्या हा लोकांना नवा ताप झाला. ट्यूलिपचा कंद भाव उतरल्यावर मातीत पुरता येतो. साठ-सत्तर किलो वजनाच्या, रोज भूक लागणाऱ्या कुत्र्याचे काय करायचे?

चीन दूर आहे असे कोणी म्हणेल, तर इमूची आठवण करून देते. शहामृगासारखा हा परदेशी पक्षी पाळा, अंडी विका, तेल विका, श्रीमंत व्हा, असे सांगत योजना निघाल्या होत्या. तामिळनाडूत २०१२ साली त्या योजना कोसळल्या, गुंतवणूकदार रस्त्यावर आले आणि पक्षी उपाशी मेले. महाराष्ट्रातही अनेक शेतकऱ्यांनी इमू पाळले होते. त्यांनाही हाच अनुभव आला. या सगळ्या कथांचा साचा एकच आहे. सुरुवातीला पिल्लू विकत घेणारा हा ग्राहक नसतोच, तो पुढचा विक्रेता असतो. तो आणखी एका होऊ घातलेल्या विक्रेत्याला विकतो. अशी साखळी जोवर वाढते तोवर सगळे नफ्यात. खरा ग्राहक शोधायची वेळ येते, तेव्हा कळते की तो फार थोडा होता.

हे सारे मी पुस्तकी पांडित्य म्हणून सांगत नाही. गेल्या दिवाळीत हा प्रश्न आमच्याच घरात येऊन बसला. माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, जामसांवलीत संत्र्याची बाग सांभाळतो. त्याने ठरवले की यंदाच्या बहराच्या पैशातून हस्कीच्या दोन माद्या आणि एक नर घ्यायचा, आणि पिल्ले नागपूरला विकायची. मी विरोध केला, तेव्हा तो म्हणाला, “तुले कॉलेजात हेच शिकवतेत काय? संत्र्याचा भाव व्यापारी ठरवते. गारपीट झाली तं तेही गेलं. निदान पिलाचा भाव तं मी ठरवीन!”

वाचकहो, या वाक्यात जे दुःख आहे ते खोटे नाही. ज्याला आपल्या मालाचा भाव कधीच ठरवता आला नाही, अशा शेतकऱ्याच्या मुलाला स्वतःच्या भावाची वस्तू हवीशी वाटणे यात नवल ते काय? परंतु पिल्लाचा भाव तरी तो ठरवणार आहे का? तो भाव कुठल्या तरी जाहिरातीवर आणि शेजारच्या तालुक्यात आणखी किती जणांना हीच कल्पना सुचली यावर ठरणार. शिवाय एक मोठा फरक आहे. न विकलेले संत्रे चार दिवसांत सडते आणि प्रश्न तिथेच संपतो. न विकलेले पिल्लू रोज सकाळी उठून शेपटी हलवते आणि भाकरी मागते. महिना गेला की ते मोठे होते, मोठे झाले की गिऱ्हाईक तोंड फिरवते. म्हणजे जसजसा माल पडून राहतो तसतसा त्यावरचा खर्च वाढतो आणि भाव घटतो. असा माल कोणत्याही शहाण्या व्यापाऱ्याने उधारीच्या भांडवलावर भरू नये.

घेणाऱ्याच्या बाजूनेही हिशेब मांडून पाहू. समजा, कोणी ४० हजार रुपयांचे पिल्लू घेतले. समजा, खाणे, लस, औषध, केसांची निगा आणि गावाला जाताना सोय, असा सारा मिळून महिना ४ हजार खर्च आला. मोठ्या शहरात तो याहून अधिक येईल, खेड्यात कमी. तर वर्षाला ४८ हजार होतात. कुत्रा साधारण बारा वर्षे जगला, असे धरले तर ५ लाख ७६ हजार झाले. खरेदीसह एकूण ६ लाख १६ हजार. म्हणजे ज्या ४० हजारांवर आपण घासाघीस करतो, ज्याचा शेजाऱ्यांत बोलबाला करतो, तो आकडा एकूण खर्चाच्या जेमतेम पंधराव्या हिश्श्याइतका आहे. खरी किंमत पुढच्या बारा वर्षांत आहे, आणि ती मोजताना कोणी दिसत नाही. हौसेला मोल नाही अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हण खरी आहे. पण हौसेला मोल नसले तरी कुत्र्याला पोट असते, आणि ते रोज दोन वेळा असते.

येथे विक्रेत्यांचा एक युक्तिवाद ऐकून घेतला पाहिजे. ते म्हणतात, महाग कुत्र्याबरोबर वंशावळीचे कागद मिळतात, तेव्हा किंमत कागदाचीही आहे. केनेल क्लबचे प्रमाणपत्र ही काही वाईट गोष्ट नव्हे. त्यातून आईबाप, आजेपणजे कळतात. पण तो कागद कुळाचा दाखला आहे, प्रकृतीचा नव्हे. उच्च कुळातल्या जर्मन शेफर्डला खुब्याच्या सांध्याचा विकार होऊ शकतो, उच्च कुळातला डाल्मेशियन जन्मतः बहिरा निघू शकतो. किंबहुना कुळ शुद्ध ठेवण्याच्या नादात जवळच्या नात्यात पैदास झाली, तर असे दोष वाढतात. लग्न जमवताना एकाच गोत्रात नको म्हणून आग्रह धरणारे आपले लोक कुत्र्याच्या बाबतीत मात्र त्याच घराण्यातला नर शोधत हिंडतात, ही मोठी गंमत आहे.

कायद्याने याबाबत काही सांगितले आहे, पण ते बहुसंख्य ग्राहकांना ठाऊक नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे. त्याखाली २०१७ साली कुत्र्यांची पैदास व विक्री यांविषयी स्वतंत्र नियम झाले. पैदास करणाऱ्याने राज्याच्या मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. एका मादीची आयुष्यात पाचाहून अधिक बाळंतपणे करवून घेता येत नाहीत. एप्रिल २०१६ मध्ये व्यापारासाठी व पैदाशीसाठी परदेशी कुत्रे आयात करण्यावरही केंद्र सरकारने बंधन घातले होते. मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जाती धोकादायक म्हणून त्यांच्यावर बंदी घालण्याचे पत्र राज्यांना पाठवले आणि एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केले. मधल्या काळात त्या जातींच्या मालकांनी काय करायचे हे कोणालाच समजत नव्हते. असे असताना बाजारात चार-पाच आठवड्यांची पिल्ले टोपलीतून विकायला येतात, बिल मागितले तर विक्रेता हसतो. जो ग्राहक दोनशे रुपयांच्या चपलेचे बिल मागतो, तो चाळीस हजारांच्या जिवाचे बिल मागायला लाजतो, याला काय म्हणावे?

यावर कोणी म्हणेल, मग जातिवंत कुत्रे पाळूच नयेत काय? माझे म्हणणे तसे नाही. मुंबई पोलिसांचा झंजीर हा लॅब्राडॉर जातीचा कुत्रा होता. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर त्याने हजारो किलो स्फोटके हुंगून शोधली आणि अगणित माणसांचे प्राण वाचवले. २००० साली तो गेला, तेव्हा त्याला पोलिसी इतमामाने निरोप देण्यात आला. त्याची जात कामाची होती हे खरेच. पण त्याला मोठेपण मिळाले ते शिक्षणाने, कामाने आणि त्याच्याबरोबर रात्रंदिवस राबणाऱ्या हवालदारांमुळे. त्याचे पिल्लूपणीचे मोल किती होते, हे आज कोणाच्या लक्षातही नाही. जात निवडायची ती कामासाठी व हवामानासाठी, हा धडा झंजीरने दिला आहे.

आणि काम व हवामान या दोन्ही कसोट्या लावायच्या, तर आपल्याला सैबेरियात जाण्याचे कारण नाही. या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांना मुधोळच्या कुत्र्याविषयी मी नव्याने काय सांगणार? घटप्रभेच्या काठचे मुधोळ हे कवी रन्नाचे जन्मस्थान. तेथे घोरपडे घराण्याचे संस्थान होते. राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची जोपासना केली आणि विलायतेत पाचव्या जॉर्ज बादशहास एक जोडी भेट दिली, असे सांगतात. महाराष्ट्रात याच घडणीच्या कुत्र्याला कारवानी म्हणतात. देशातील एक केनेल संघटना त्याची नोंद ‘कॅरव्हान हाउंड’ म्हणून करते, दुसरी ‘मुधोळ हाउंड’ म्हणून. आपण माणसे सीमेवरून भांडतो; या कुत्र्याने मात्र दोन्ही बाजूंच्या माळावर सारखीच धाव घेतली. लांब निमुळते तोंड, खोल छाती, बारीक कंबर आणि अंगाला चिकटलेले आखूड केस, ही त्याची घडणच मुळी दख्खनच्या उन्हासाठी व उघड्या रानासाठी झाली आहे. तो वासापेक्षा नजरेने सावज टिपतो.

त्याच्या नशिबी मानही आला आहे. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची जी तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होता. २०१६ साली लष्कराने मुधोळची पिल्ले मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी नेली. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये देशी जातींचा उल्लेख केला, त्यात मुधोळ हाउंडचे नाव घेतले. मुधोळजवळ तिम्मापूर येथे बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे. एवढे सारे असून शहरातल्या बंगल्यात मुधोळ किंवा कारवानी क्वचितच दिसतो. पिकते तिथे विकत नाही, दुसरे काय! परदेशी कुत्र्यासाठी पन्नास हजार मोजणारा गृहस्थ धनगराच्या कारवानीला पाच हजारही जास्त म्हणतो.

पण येथेही एक धोका मला दिसतो, आणि तो सांगितल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. ते योग्यच झाले. परंतु त्यामुळे या शिकारी कुत्र्याचे मूळ काम गेले. काम गेलेल्या जातीला जगवायचे तर तिला नवे काम द्यावे लागते: शेताची राखण, मेंढरांची राखण, सुरक्षा दलांतील सेवा. तसे न करता केवळ ‘आपला अभिमान’ म्हणून तिचा भाव वाढवला, तर हस्कीचे जे झाले तेच मुधोळचे होईल. शहरातला माणूस तो विकत घेईल आणि दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात साखळीने बांधील. ज्याला मैलभर धावायला हवे तो प्राणी गॅलरीत कोंडला की फर्निचर फाडतो, मग शेजारी तक्रार करतात, मग तो कोणाला तरी ‘देऊन टाकला’ जातो. देशी कुत्र्याची फॅशन ही परदेशी कुत्र्याच्या फॅशनहून अधिक देशभक्तीची असेल. कुत्र्याच्या दृष्टीने दोन्ही सारख्याच. आणि त्या वाढीव भावातले किती पैसे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या भाकरीतला तुकडा घालून ही जात राखली, त्या धनगरांच्या व कुरुबरांच्या हाती पडतील, हाही प्रश्न आहेच.

आपल्या परंपरेत कुत्र्याला स्थान आहे. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री आहेत, खंडोबाच्या संगतीला कुत्रा आहे, आणि स्वर्गाच्या दाराशी धर्मराजाने ज्याच्यावाचून आत जाण्याचे नाकारले तो एक वाटेवरचा कुत्राच होता. त्याची जात महाभारतकारांनी लिहून ठेवली नाही. सोबत चालला, एवढाच त्याचा गुण होता. जामसांवलीच्या देवळापुढे सावलीत पडलेल्या कुत्र्यांकडे पाहताना मला नेहमी वाटते, या उन्हात, या पाण्यावर, कोणाच्या कुलरवाचून जगण्याची विद्या यांच्या अंगी आहे. आमच्या भागातल्या बागांत रानडुकरांवर रात्रभर भुंकणारी कुत्री यांचीच भावंडे. यांना लस टोचून, वेळच्या वेळी शस्त्रक्रिया करून घेऊन, एकेका घराने एकेक सांभाळला, तर राखणही होईल आणि रस्त्यावरचा प्रश्नही काही अंशी हलका होईल.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, माझ्या मते कुत्रा घेणाऱ्याने चार गोष्टी स्वतःला विचाराव्यात. याला काम काय देणार? माझ्या गावचा मे महिना याला सोसेल काय? बिल, नोंदणी आणि पिल्लाचे वय विक्रेता लेखी देईल काय? आणि पुढची बारा वर्षे महिन्याचा खर्च मी कोठून आणणार? या चारांची उत्तरे नीट आली, तर खुशाल जातिवंत कुत्रा घ्यावा. तो घरचा होईल. एकाचेही उत्तर अडले, तर तो पैसा बँकेत ठेवावा आणि दारातल्या गावठीला भाकरी घालावी. आणि जो कुत्र्यांच्या पैदाशीत भांडवल घालू पाहतो, त्याने पाचवा प्रश्न विचारावा: शेवटचे पिल्लू न विकले गेले, तर त्याला मी मरेपर्यंत पोशीन काय?

दादाला मी हे पाच प्रश्न कागदावर लिहून पाठवले आहेत. त्याने अजून माद्या घेतल्या नाहीत, आणि माझ्या कागदाला उत्तरही दिलेले नाही. पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे तो कशीबशी जुळवील, हे मला ठाऊक आहे. पाचव्यापाशी तो थांबला असावा, आणि थांबावे असेच मला वाटते. कारण त्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही बाजारात मिळत नाही, ते ज्याच्या त्याने स्वतःच द्यायचे असते.